चाकांवरचे घर आणि आकाशातला ध्रुव
(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



गेले काही दिवस या व्यासपीठावरून आपण मोठमोठे विषय ऐकलेत. संतवाङ्मय झाले, इतिहास झाला, अर्थकारण झाले. आज माझ्यासारखा एक दुकानदार आपल्यापुढे उभा आहे. रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करण्यात माझी तीस वर्षे गेली. चालकांनी विषय विचारला तेव्हा मी भीत भीत सांगितले, "मोटरहोमवर उपग्रहाची डिश कशी निवडावी व कशी बसवावी." ते हसले आणि म्हणाले, "अहो, आपल्या गावात मोटरहोम आहे तरी कोणाकडे?"

कोणाकडेच नाही. तरीही मी हाच विषय धरून बसलो, त्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे, आपल्यापैकी पुष्कळांची मुलेबाळे, भाऊबहिणी आज परदेशात आहेत आणि त्यांच्या संसारात आपणही महिना दोन महिने जाऊन राहतो. दुसरे असे की, यंत्र विकत घेताना माणूस जी चूक करतो, ती या विषयात जितकी स्वच्छ दिसते तितकी दुसरीकडे मला दिसलेली नाही. माझ्या घरातच ती घडली, म्हणून अधिकाराने बोलतो.

माझी थोरली बहीण व दाजी चाळीस वर्षे इंग्लंडात आहेत. दाजी निवृत्त झाले आणि त्यांनी एक जुनी मोटरहोम घेतली. मोटरहोम म्हणजे चालते घर. पुढे मोटार, मागे झोपण्याची जागा, शेगडी, मोरी, पाण्याची टाकी. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते अक्षरशः. उन्हाळ्यात स्कॉटलंड आणि थंडीतले दोन महिने दक्षिण स्पेन, असा त्यांचा बेत. दिवसभर हिंडावे, आणि संध्याकाळी घरी बसून पाहत होतो त्या बीबीसीच्या बातम्या आणि मालिका गाडीतही पाहाव्या, एवढीच दाजींची हौस. त्यासाठी विक्रेत्याने त्यांना टपावर बसणारी, बटन दाबले की आपोआप उपग्रह शोधणारी ६५ सेंटिमीटरची डिश दिली. बसविण्याच्या मजुरीसह खर्च दोन हजार पौंडांच्या घरात गेला. स्कॉटलंडात ती कधी चालली, कधी नाही. स्पेनमध्ये ती फिरून फिरून थकली आणि पडद्यावर अक्षरे आली: सिग्नल नाही. त्याच थंडीत बिछान्याच्या वरच्या छताला ओलीचा डाग पडला.

ताईचा फोन आला, "अरे, तू एवढा टीव्हीवाला, आणि आमच्याकडे हे काय चालले आहे? हे तर आता आणखी हजार पौंड घालून मोठी डिश घ्यायला निघालेत!" मी म्हटले, "ताई, दाजींना सांग, मी येईपर्यंत एक पौंडही घालू नका." पुढच्या उन्हाळ्यात मी गेलो. तिथे जे पाहिले, जे उलगडले, तेच आज सांगतो.

प्रथम आकाशाकडे पाहू. ध्रुवबाळाची गोष्ट आपण लहानपणी ऐकली. कोणी उठवू शकणार नाही अशी जागा त्याने मागितली आणि त्याला अढळपद मिळाले. उपग्रहालाही असेच एक अढळपद आहे. मात्र ते उत्तरेला नसून विषुववृत्ताच्या वर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहे. तिथल्या उपग्रहाला पृथ्वीभोवती एक फेरी घ्यायला पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या एका फेरीइतकाच वेळ लागतो. म्हणून तो पळत असूनही आपल्याला एका जागी खिळल्यासारखा भासतो. अशा ठिकाणाहून साऱ्या जगाला संदेश पोचविता येतील हे आर्थर क्लार्क या इंग्रज लेखकाने १९४५ साली लिहून ठेवले होते. आपल्या देशात १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखविले गेले. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. त्या खेड्यांतल्या डिश जाळीच्या होत्या आणि सुमारे तीन मीटर रुंद होत्या. आज आपल्या गच्चीवर दीड-दोन फुटांची डिश पुरते; उपग्रहाची शक्ती वाढली आणि लहरींची लांबी कमी झाली म्हणून.

उपग्रह अढळ आहे, म्हणून घरावरची डिश एकदा बसविली की तिला पुन्हा हात लावावा लागत नाही. मोटरहोमची अडचण उलटी आहे. ध्रुव जागेवर आहे, पण घरच रोज हलते. प्रत्येक मुक्कामाला डिश नव्याने रोखावी लागते.

ती रोखायची किती अचूक? ६५ सेंटिमीटरच्या डिशची नजर सुमारे पावणेतीन अंश रुंद असते. पौर्णिमेचा चंद्र अर्धा अंश रुंद दिसतो, त्यावरून कल्पना करा. एक-दीड अंश चुकले की चित्र गेले. डिश जितकी मोठी तितकी तिची नजर अरुंद. मोठी डिश घेतली म्हणजे काम सोपे झाले असे समजू नका. पकड वाढते, पण नेमही अधिक धरावा लागतो.

ब्रिटनमधले मोफत कार्यक्रम ज्या उपग्रहांवरून येतात ते पूर्व रेखांश २८.२ अंशांवर उभे आहेत. लंडनहून ते आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे २५ अंश उंचीवर येतात. उत्तरेला स्कॉटलंडात इन्व्हर्नेसला गेलात की तेच उपग्रह १९ अंशांपेक्षाही खाली उतरतात. आता आपल्याकडचे पाहा. आपल्या दूरदर्शनची मोफत डिश ९३.५ अंशांवरच्या उपग्रहाकडे पाहते. तो पुण्याहून जवळजवळ ५९ अंश उंच आहे. म्हणजे आपल्याकडे डिश वर आकाशाकडे पाहते आणि तिकडे ती शेजाऱ्याच्या झाडात पाहते!

यातून एक साधा हिशेब निघतो. डिशपेक्षा दहा मीटर उंच असलेले झाड समोर असेल, तर पुण्यात त्यापासून सहा मीटर दूर उभे राहिलात तरी चालेल. लंडनला एकवीस मीटर दूर जावे लागेल, इन्व्हर्नेसला जवळजवळ तीस. दाजींची डिश स्कॉटलंडात कधी चाले आणि कधी नाही याचे कोडे इथे सुटले. दाजींना सावलीची आवड. गाडी लावायची ती नेमकी झाडाच्या पोटात. डिश बिचारी ओल्या पानांकडे पाहत बसे. आम्ही इन्व्हर्नेसजवळ उतरलो तेव्हा मी गाडीतून उतरून पन्नास पावले लांब उभा राहिलो, हातात होकायंत्र धरले, आग्नेयेचे आकाश मोकळे कुठे आहे ते पाहिले आणि मग म्हटले, "दाजी, गाडी इथे घ्या." बटन दाबले, दोन मिनिटांत बातम्या लागल्या. लांब अशासाठी उभा राहिलो की, गाडीच्या पोलादाजवळ होकायंत्र खोटे बोलते.

आता स्पेनचे कोडे. दक्षिण स्पेनमध्ये मालागाला हेच उपग्रह ३५ अंश उंच असतात, म्हणजे लंडनपेक्षाही वर. झाडाचा अडथळा कमी, आकाश निरभ्र. मग चित्र का नाही?

विजेरी घेऊन भिंतीवर झोत टाका. मधोमध लख्ख, कडेला फिकट, त्यापलीकडे अंधार. उपग्रहाचेही तसेच आहे. त्याचा झोत कुठे पाडायचा हे पाठविणारा ठरवितो. बीबीसी वगैरे संस्था कार्यक्रमांचे हक्क ब्रिटनपुरते घेतात, म्हणून झोतही ब्रिटनवरच राहावा अशी योजना असते. पूर्वी हा झोत सैल होता आणि स्पेनमध्ये राहणारे हजारो ब्रिटिश लोक घरबसल्या आपले कार्यक्रम पाहत. फेब्रुवारी २०१४ मध्ये बीबीसीच्या व इतर मुख्य वाहिन्या नव्या उपग्रहाच्या अरुंद झोतावर गेल्या आणि दक्षिण स्पेनमधल्या कितीतरी घरांतले चित्र गेले. तिथे आता तो झोत पकडायला दोन मीटरची, आणि काही ठिकाणी त्याहूनही मोठी, डिश लागते.

दाजी ६५ ची डिश काढून ८५ ची घ्यायला निघाले होते. हिशेब करा. डिश किती पकडते ते तिच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. ६५ वरून ८५ ला गेलात की क्षेत्रफळ पावणेदोनपटही होत नाही. दोन मीटरची डिश ६५ च्या साडेनऊपट आहे. म्हणजे हजार पौंड घालूनही मालागाला पडदा तसाच राहिला असता. आणि दोन मीटरची डिश टपावर घेऊन हिंडायचे तर गाडी डिशवर ठेवावी लागेल, डिश गाडीवर नव्हे! हे मी कागदावर मांडले तेव्हा दाजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे मला विकणाऱ्याने का नाही सांगितले?" मी म्हटले, "दाजी, तुम्ही त्याला स्पेन सांगितले होते का?" त्यांनी सांगितले नव्हते, आणि त्यानेही विचारले नव्हते.

व्याख्यानाचे सार एवढेच आहे. आधी मुक्काम ठरवावा, मग काय पाहायचे ते ठरवावे आणि यंत्राचे नाव सर्वांत शेवटी काढावे. आपण उलट करतो. दुकानात जातो, यंत्रांची रांग पाहतो, ऐपतीप्रमाणे त्यातले महागातले उचलतो आणि मग ते घेऊन मुक्काम शोधतो.

मुक्काम आणि कार्यक्रम ठरले म्हणजे निवड फारशी अवघड नाही. डिशचे मुख्य चार प्रकार आहेत.

पहिला, तिपाईवरची सुटी डिश. गाडीच्या पोटात ठेवायची, मुक्कामाला बाहेर काढून हाताने रोखायची. सर्वांत स्वस्त, आणि हिचा मोठा गुण असा की, गाडी झाडाखाली ठेवून डिश मोकळ्यावर नेता येते. दाजींसारख्या सावलीप्रिय माणसाला हीच योग्य. दोष एवढाच की, पावसात उभे राहून रोखावी लागते आणि वाऱ्याने पडते. तिपाईला पाण्याची बाटली वजन म्हणून बांधावी.

दुसरा, टपावर बसविलेली पण आतून हँडल फिरवून उभी करायची डिश. पावसात भिजावे लागत नाही. विसराळू माणसाने मात्र घेऊ नये. डिश उभी ठेवून गाडी हाकल्याच्या कथा तिकडे प्रत्येक तळावर ऐकू येतात.

तिसरा, दाजींकडे होता तो, आपोआप शोधणारा. सोयीचा, महाग आणि वजनदार. चौथा, घुमटाच्या आत झाकलेली डिश. ती वाऱ्याला दाद देत नाही, काही प्रकारांत गाडी चालू असतानाही चित्र देते. पण घुमटात मावायची म्हणून ती लहान असते, आणि झोताच्या कडेला सर्वांत आधी तीच हार मानते.

वजनाचा विचार लोक करीत नाहीत. तिकडच्या बहुतेक मोटरहोमना भरल्या गाडीचे ३,५०० किलोंचे बंधन असते. शंभर लिटर पाणी भरले की शंभर किलो गेले. त्यात माणसे, कपडे, भांडी. टपावरची पंधरा किलोंची डिश म्हणजे ताईची सारी भांडीकुंडी. शिवाय उंची वाढते. तिथे तीन मीटरपेक्षा उंच गाडीची उंची चालकाला दिसेल अशी लिहून ठेवावी लागते. डिश बसविल्यावर ती पाटी बदलायला विसरलात तर पुढचा कमी उंचीचा पूल आठवण करून देतो.

आता बसविण्याकडे येतो. छतावरच्या ओलीचा डाग आपण विसरला नसाल.

मोटरहोमचे टप म्हणजे आपल्या घराचा स्लॅब नव्हे. वर फायबरचा किंवा पत्र्याचा पातळ थर, मध्ये फोम, खाली प्लायवुड. त्यात स्क्रू घट्ट बसत नाही, आणि प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला दिलेले आमंत्रण. दाजींची डिश बसविणाऱ्याने सहा स्क्रू सरळ टपात मारले होते आणि वरून लांबी फासली होती. गाडी चालताना डिश हादरते, स्क्रू सैल होतो, लांबीला चीर पडते आणि पाणी आतल्या आत पसरते. डाग दिसतो तोवर लाकूड भिजून गेलेले असते. आम्ही डिश काढली तेव्हा खालचे प्लायवुड नखाने उकरता येत होते. दोन हजारांच्या यंत्रापेक्षा त्या सहा स्क्रूंची दुरुस्ती आम्हांला अधिक जाचली.

योग्य रीत अशी. टप आधी धुऊन, तेलकटपणा पुसून, पूर्ण सुकवावे. बैठकीला व टपाला चिकटद्रव्याच्या बनविणाऱ्याने सांगितलेला अस्तराचा हात द्यावा. मग पॉलियुरेथेनच्या रबरासारख्या राहणाऱ्या चिकटद्रव्याने बैठक चिकटवावी. दाबून सारे द्रव्य बाहेर काढू नये. दोनतीन मिलिमीटरचा थर मध्ये राहू द्यावा, कारण हादरे तोच थर पचवितो. द्रव्य पुरते आळेपर्यंत, एक-दोन दिवस, गाडी हलवू नये. केबल आत नेण्यासाठी एकच भोक पाडावे, त्यावर केबलचे झाकण चिकटवावे आणि त्याचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला ठेवावे, म्हणजे धावत्या गाडीला समोरून येणारे पाणी आत घुसत नाही. बैठक चिकटविण्यापूर्वी डिश पूर्ण उघडून, चारी बाजूंना फिरवून पाहावी. छतावरच्या खिडकीला अडते का आणि सौर पत्र्यावर सावली पाडते का, हे तेव्हाच कळते. आणि ही कामे शिडीवर उभे राहून, दुसऱ्याने शिडी धरली असता करावी. पातळ टपावर चालू नये.

विजेचा बाऊ करण्याचे कारण नाही. बारा व्होल्टवर चालणारा लहान टीव्ही तीसेक वॉट खातो, म्हणजे अडीच अँपिअर. रिसीव्हर धरून चार तास पाहिले तर तेराचौदा अँपिअर-तास लागतात. शंभर अँपिअर-तासांची साधी बॅटरी असेल आणि तिच्यातली निम्मीच वीज वापरायची हे पथ्य पाळले, तरी ते सहज भागते. फक्त दोन गोष्टी पाहाव्या. चार्ज होत असताना बॅटरीचे व्होल्ट चौदाच्या वर जातात, ते सोसणारा टीव्ही घ्यावा. आणि डिशच्या मोटरला पुरेशी जाड तार द्यावी, नाहीतर डिश अर्ध्यावर अडकते. आपोआप डिशला इंजिनाची एक तार जोडलेली असते. इंजिन सुरू होताच डिश स्वतः मिटते. दाजींच्या गाडीत ही तार जोडलेलीच नव्हती. ती जोडायला वीस मिनिटे लागली.

एक प्रश्न आपल्यापैकी तरुणांच्या मनात आला असेल. मोबाइलवर सगळे दिसते, मग डिश कशाला? प्रश्न बरोबर आहे आणि तिकडेही पुष्कळजण डिश सोडून इंटरनेटकडे वळले आहेत. कमी उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांची स्टारलिंकची पाटीही आता टपावर दिसते. पण इंटरनेटला महिन्याची वर्गणी पडते, डोंगराच्या खोऱ्यात मोबाइलचा सिग्नल जातो, आणि बीबीसी आपले इंटरनेटवरचे कार्यक्रमही ब्रिटनबाहेर पाहू देत नाही. आकाशातल्या झोताला जी सीमा आहे, तीच तारेतूनही येते. ब्रिटनमध्ये मात्र डिशच्या मोफत वाहिन्यांना कार्डही लागत नाही आणि डिशची वेगळी वर्गणीही पडत नाही. म्हणून इथेही उत्तर तेच: मुक्काम कुठे आणि पाहायचे काय?

दाजींचे शेवटी काय झाले ते सांगून संपवितो. टप दुरुस्त झाले, तीच ६५ ची डिश पुन्हा, या वेळी चिकटवून, बसविली. नवी डिश घेतली नाही. स्पेनसाठी मी तिच्यात दुसऱ्या उपग्रहाची निवड लावून दिली, १९.२ अंशांवरचा. त्याचा झोत साऱ्या युरोपभर पसरलेला आहे. जर्मन प्रवासी स्पेनच्या किनाऱ्यावर लहान डिशवर आपले कार्यक्रम मजेत पाहतात ते त्यामुळेच. त्यावर इंग्रजी बातम्यांच्या काही वाहिन्याही मोफत आहेत. दाजींच्या मालिका तिथे नाहीत. हे मी त्यांना जाण्यापूर्वीच स्वच्छ सांगितले.

थंडीत त्यांचा फोन आला. म्हणाले, "बातम्या दिसतात. मालिकांचे काही नाही; आल्यावर पाहू. गेल्या वर्षी रोज संध्याकाळी बटन दाबून चिडत बसायचो. यंदा येणार नाही हे माहीत आहे, तर चिडही येत नाही."

मला वाटते, यंत्र घेताना आपण ही एवढी खात्री विकत घ्यावयास हवी: हे काय देईल आणि काय देणार नाही. ती दुकानात मिळत नाही; घरून कागदावर लिहून न्यावी लागते. उद्या आपल्यापैकी कोणी गच्चीवर डिश, सौर पत्रा किंवा आणखी काही बसवायला निघाला, तर निघण्यापूर्वी तो कागद लिहावा आणि टपात किंवा स्लॅबमध्ये पहिले भोक पाडण्यापूर्वी पावसाळा आठवावा, एवढी विनंती करतो.